पावतीपुस्तकं दोन ठेवा: आमच्या युनियनच्या कार्यकारिणीला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, सरचिटणीस, खजिनदार आणि कार्यकारिणीतले सर्व सहकारी

स. न. वि. वि.

सातपूरच्या एका मंगल कार्यालयात गेल्या महिन्यात आपली वार्षिक सर्वसाधारण सभा झाली. अकरावा ठराव वाचायला घेतला तेव्हा मागच्या तीन रांगा जेवणाच्या लायनीत लागल्या होत्या आणि मठ्ठ्याच्या पिंपाजवळ गर्दी झाली होती. ठराव असा: मासिक वर्गणी शंभरावरून दोनशे रुपये करावी, आणि ‘सामाजिक व राजकीय कार्यासाठी योग्य वाटेल तो खर्च करण्याचे अधिकार अध्यक्ष व सरचिटणीस यांना द्यावेत’. ‘मंजूर?’ माइकवरून विचारलं. ‘मंजूर’ असा आवाज आला. माझा हात वर होता. तो बघून सरचिटणीस म्हणाले, ‘भाऊ, जेवण थंड होतंय.’ लोक हसले. खरं सांगायचं तर मीही हसलो. जिलेबी खाऊन घरी आलो आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

म्हणून हे पत्र. ऑफिसात येऊन तोंडी बोलणं मी दोनदा करून पाहिलंय. जानेवारी 2025 मध्ये लेखी अर्ज दिला होता. त्याची पोच माझ्याकडे आहे, उत्तर नाही. आता चारचौघांत लिहितो, कारण गोष्ट एकट्या आपल्या गेटची नाही. अंबड, सिन्नर, चाकण, रांजणगाव, जिथे जिथे पगारातून परस्पर वर्गणी कापली जाते, तिथल्या माणसाला यात स्वतःची स्लिप दिसेल. कंपनीचं आणि युनियनचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मला तुमची बदनामी करायची नाही, तुमच्याकडून उत्तर हवंय.

मी मशीन शॉपमध्ये 21 वर्षं काढली. पर्मनंट झालो त्याच दिवशी युनियनचा फॉर्म भरला. कंपनीने टाळं लावलं तेव्हा 41 दिवस गेटसमोरच्या मंडपात बसलो, रात्रपाळीचा पहारा माझ्याकडे होता. प्रेस शॉपमधल्या पोराची दोन बोटं गेली तेव्हा कंपनी म्हणत होती, त्याचीच चूक. कामगार न्यायालयाच्या खेपा तुम्ही मारल्यात, वकिलाचे पैसे युनियनने भरले, भरपाई मिळाली. हे मी विसरलेलो नाही. ‘युनियनविरोधी’ हा शिक्का माझ्यावर मारायच्या आधी एवढं आठवा.

आणि माझं हे वेड घरातून आलंय. वडील मुंबईत गिरणीत होते, साचेखात्यात. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली, त्यात तेही होते. मन संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंतांकडे, पण वाटाघाटीचा अधिकार कायद्याने दुसऱ्याच युनियनकडे, कारण 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यात एका उद्योगात एकच ‘प्रातिनिधिक’ युनियन. वडिलांच्या पत्र्याच्या ट्रंकेत दोन रंगांच्या पावत्या होत्या. एक पिवळट, एक गुलाबी. मी लहानपणी विचारलं, दोन कशाला? ते म्हणाले, ‘ही पोटासाठी, ही मनासाठी.’ संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, गिरण्या गेल्या, आम्ही गावी आलो. पावत्या मात्र त्यांनी शेवटपर्यंत वेगवेगळ्या दोऱ्यात बांधून ठेवल्या होत्या. दोन पावत्यांतला तो फरक मला तेव्हा कळला नाही. तो कळला नोव्हेंबर 2024 मध्ये, विधानसभेच्या वेळी.

काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, वाचणाऱ्यांना नाही, म्हणून सांगतो. दुसऱ्या पाळीच्या चहाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये टोप्या आणि उपरणी वाटली. गेटबाहेर चार बसगाड्या उभ्या. बसच्या काचेवर फलक: आमच्या युनियनचं नाव, खाली ‘सर्व कामगारांचा जाहीर पाठिंबा’, बाजूला उमेदवाराचा फोटो. ‘सर्व’ हा शब्द मी दोनदा वाचला. पेंट शॉपमधला आमचा एक मित्र माझ्याशेजारी बसला होता. मूळचा जौनपूरचा, 22 वर्षं नाशकात, मुलं मराठी शाळेत शिकलेली. मैदानात गेलो, खुर्च्यांवर बसलो, पाण्याची बाटली आणि वडापाव मिळाला. उमेदवाराच्या आधी जो बोलायला उठला त्याने वीस मिनिटं एकच विषय लावून धरला: बाहेरून आलेले लोक इथल्या पोरांच्या नोकऱ्या खातात. टाळ्या पडल्या. मित्राने टोपी काढली, नीट चौकोनी घडी घातली आणि डब्याच्या पिशवीत ठेवली. परतताना बस द्वारका सर्कलला अडकली होती, तेव्हा तो म्हणाला, ‘भाऊ, या बसच्या भाड्यात माझे किती?’

मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही द्या.

उमेदवाराचं आणि पक्षाचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं की अर्धे वाचक लगेच खूश होतील, अर्धे पत्र बंद करतील, आणि पैशाचा मुद्दा राहील बाजूला. एवढं मात्र सांगून टाकतो की मी मत त्याच उमेदवाराला दिलं. तो आमदार म्हणून बरा वाटला. पण माझं मत पडदा लावलेल्या खोक्याआड जातं आणि माझे शंभर रुपये बसच्या काचेवर लागतात. पहिलं माझं मी ठरवतो. दुसरं तुम्ही ठरवलंत, मला न विचारता.

आता तक्रारी.

पहिली, लेव्हीची, म्हणजे करारानंतर मिळणाऱ्या पैशातून युनियनसाठी होणाऱ्या कपातीची. जून 2024 मध्ये करार झाला, वाढलेल्या पगाराचा 14 महिन्यांचा फरक मिळाला. माझा फरक 91,000 रुपये. त्यातून 9,100 रुपये ‘यू. फंड’ म्हणून कापून गेले. करार चांगला झाला, कबूल. त्यासाठी तुम्ही राबलात, कबूल. दहा टक्के द्यायलाही माझी ना नव्हती. मी विचारलं तेव्हा मला सांगण्यात आलं की कोर्टाचा निकाल आहे, सभासद नसलेल्यांकडूनही लेव्ही कापता येते. मी तो निकाल शोधून वाचला. मुंबईतल्या बामर लॉरी कंपनीच्या कामगारांचं प्रकरण, सुप्रीम कोर्ट, 1984. मान्यताप्राप्त युनियनच्या करारात फरकाच्या रकमेतून 15 टक्के युनियन फंडाला द्यायचं कलम होतं. दुसऱ्या युनियनने आव्हान दिलं, कोर्टाने कलम कायम ठेवलं. बरोबर आहे तुमचं. पण पैसा युनियनच्या फंडात कसा येतो, एवढंच त्याने सुटतं. फंडातून तो कुठे जावा, हा प्रश्न वेगळा, आणि त्याचं उत्तर वेगळ्या कायद्यात आहे. तुम्ही मला आत यायचं दार दाखवलंत, मी बाहेर जायच्या दाराबद्दल विचारत होतो.

दुसरी तक्रार हिशेबाची. सभेत वाटलेला एक पानी ताळेबंद मी घरी आणून चष्मा लावून वाचला. ‘जनजागृती व प्रवास: 7,84,000’. त्याच्या दोन ओळी खाली ‘सभासद वैद्यकीय मदत: 1,12,000’. जनजागृती कसली, ते लिहिलेलं नाही. बसगाड्या त्यातच आहेत का? टोप्या? फलक? वडापाव? की ते ‘किरकोळ’मध्ये आहेत, जे 96,000 आहे? मी खजिनदारांना फोन केला. ते म्हणाले, व्हाउचर पाहायचे असतील तर सरचिटणीसांना विचारा. सरचिटणीस म्हणाले, खजिनदारांना विचारा. (खजिनदार माझ्याच गल्लीत राहतात, गणपतीत आरतीला शेजारी उभे असतात. त्यांच्यावर माझा काडीचा संशय नाही. संशय नाही म्हणूनच कागद दाखवायला काय हरकत आहे, ते कळत नाही.)

तिसरी. जानेवारीत अर्ज दिला की माझ्या वर्गणीतला पैसा निवडणुकीच्या कामाला वापरू नये. उत्तर आलं नाही, पण दिवाळीत मिठाईचा पुडा आणि उटणं वाटलं त्या यादीत माझं नाव नव्हतं. पुड्याचं दुःख नाही, मला मधुमेह आहे. पण माझ्यासोबत ज्या दोघांनी सही केली होती, त्यातल्या एकाची आई वारली. अंत्यविधीची 5,000 रुपयांची मदत बाकीच्यांना आठवड्यात मिळते, त्याला तीन महिन्यांनी मिळाली. योगायोग असेल. तसा असेल तर तो तसा लिहून द्या.

चौथी तक्रार छोटी आहे. वर्गणी पगारातून कापायला मी 21 वर्षांपूर्वी ज्या कागदावर सही केली, त्यावर ‘सभासद वर्गणी’ एवढेच दोन शब्द आहेत. तेव्हा ती 30 रुपये होती. तेव्हाचा 1936 चा वेतन प्रदान कायदा कपातीसाठी कामगाराची लेखी संमती मागायचा, तीही युनियनच्या सभासद वर्गणीसाठी. निवडणुकीच्या खर्चासाठी मी कधीच, कुठेच सही केलेली नाही.

आता कायदा. इथे थोडा रेंगाळणार आहे, कारण आपल्याकडे समज असा आहे की युनियनने राजकारणावर खर्च करायचा की नाही हा नैतिकतेचा वगैरे प्रश्न आहे, ज्याला जसं वाटेल तसं. तो प्रश्न 1926 मध्येच सोडवून ठेवलेला आहे, आणि त्या कायद्याचा आग्रह धरणारी माणसं कामगारांच्या बाजूची होती. कामगार पुढारी ना. म. जोशींनी 1921 मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात युनियनच्या नोंदणीचा आणि संरक्षणाचा कायदा करा असा ठराव आणला. त्याच सुमारास मद्रासमध्ये बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिलच्या संपात युनियनच्या पुढाऱ्यांवर कोर्टाचा मनाई हुकूम आला होता, त्यामुळे कायद्याची निकड सगळ्यांना कळली होती. पाच वर्षांनी ट्रेड युनियन कायदा झाला आणि 1 जून 1927 पासून लागू झाला.

त्या कायद्याचं कलम 15 सांगतं, सर्वसाधारण निधी कशावर खर्चायचा: कार्यालय, पदाधिकाऱ्यांचा पगार, कोर्टकचेरी, संप, सभासदांना आजारपण, अपघात, म्हातारपण, बेकारी, मृत्यू यांत मदत, शिक्षण, नियतकालिक. कामगारवर्गाच्या एकूण हिताच्या कामालाही देणगी देता येते, पण तिलाही चौथ्या हिश्श्याची मर्यादा. निवडणूक या यादीत नाही. ती आहे पुढच्या कलमात. कलम 16 म्हणतं, राजकीय कामासाठी युनियनने वेगळा निधी उभारावा, त्यासाठी वेगळी वर्गणी घ्यावी, आणि त्यातून उमेदवाराचा खर्च, त्याच्यासाठी सभा, पत्रकं, निवडून आलेल्याचा निर्वाह, मतदार नोंदणी, राजकीय सभा हे सगळं खुशाल करावं. पुढची अट अशी: या निधीला पैसे देण्याची सक्ती कोणत्याही सभासदावर करता येणार नाही. न देणाऱ्याला युनियनच्या कोणत्याही लाभापासून दूर ठेवता येणार नाही. सभासद करून घेताना ही वर्गणी देण्याची अट घालता येणार नाही. न देणाऱ्याला एकच गोष्ट मिळत नाही, त्या निधीच्या कारभारात तोंड घालण्याचा हक्क. तेही रास्तच.

म्हणजे टोप्या, फलक, मैदान, माइक, बस ही सगळी कलम 16 ची खरेदी, आणि तुम्ही ती कलम 15 च्या पिशवीतून केलीत. माझी तक्रार एका वाक्यात एवढीच आहे.

नवी औद्योगिक संबंध संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली, जुना कायदा गेला, असं कुणीतरी म्हणेल. गेला खरा. पण वेगळा निधी आणि सक्तीला मनाई या दोन्ही गोष्टी नव्या संहितेत तशाच्या तशा आल्यात. उलट प्रश्न आता जास्त टोकदार झालाय. महाराष्ट्रात 1971 च्या कायद्यानुसार मान्यतेला 30 टक्के सभासद पुरायचे. संहितेत हजेरीपटावरचे 51 टक्के कामगार ज्या युनियनकडे, ती एकटी सगळ्यांच्या वतीने मालकाशी बोलणार. उरलेल्या 49 टक्क्यांनाही तिचाच करार. ज्या युनियनला सगळ्यांच्या वतीने बोलायचंय, तिने सगळ्यांच्या पैशातून एकाच्या बाजूने बोलू नये.

यावर सभेनंतर उपाध्यक्ष मला म्हणाले ते मी प्रामाणिकपणे मांडतो, कारण त्यांचं म्हणणं फुकाचं नाही. ते म्हणाले, ‘राजकारण नको असेल तर भजनी मंडळ काढ. किमान वेतन कोण ठरवतं? सरकार. आधी शंभर कामगारांच्या कारखान्याला कामगार कमी करायला सरकारची परवानगी लागायची, आता तीनशे किंवा त्याहून जास्त असले तरच. हे कुठे ठरलं? संसदेत. तिथे आपला माणूस नसेल तर तू लेथवर बसून काय करणार?’

मला हे शंभर टक्के पटतं. मुंबईच्या गिरणी कामगाराने 1908 मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली म्हणून सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या, तेव्हा त्यात पगाराचा मुद्दा कुठे होता? 7 नोव्हेंबर 1938 ला औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला. बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र आले होते. ते राजकारणच होतं, आणि ते झालं नसतं तर आपण आज कुठे असतो कोण जाणे. संयुक्त महाराष्ट्रासाठी रस्त्यावर उतरलेली माणसंही गिरण्यांमधूनच आली होती. माझ्या वडिलांची गुलाबी पावती राजकारणाचीच होती. पण ती त्यांनी स्वतः खिशातून पैसे काढून फाडून घेतली होती. पगारातून कुणी कापून नेली नव्हती. आणि एका विधेयकाविरुद्ध उभं राहणं वेगळं, एका मतदारसंघात एका माणसाच्या फोटोखाली आमचं नाव लावणं वेगळं. पहिल्यात मला विचारलं नाहीत तरी मी कदाचित चालवून घेईन. दुसऱ्यात नाही.

हा वाद जगात सगळीकडे घातला गेलाय, त्यातला जो भाग आपल्या उपयोगाचा आहे तेवढा सांगतो. इंग्लंडमध्ये ऑस्बोर्न नावाच्या एका रेल्वे हमालाने स्वतःच्याच युनियनला कोर्टात खेचलं, की माझ्या वर्गणीतून मजूर पक्षाला पैसे का देता? 1909 मध्ये तो जिंकला आणि युनियनचे हात बांधले गेले. मग 1913 च्या कायद्याने मधली वाट काढली: सभासदांचं मतदान घ्या, राजकीय निधी वेगळा करा, ज्याला द्यायचा नसेल त्याला सूट द्या. आपलं कलम 16 त्याच घडणीचं. अमेरिकेतही 1977 पासून सरकारी नोकरांसाठी अशीच विभागणी होती: करार करायचा खर्च सगळ्यांकडून घ्या, राजकारणाचा घेऊ नका. 2018 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी सगळंच मोडीत काढलं. सरकारी खात्यातला जो सभासद नाही त्याच्याकडून युनियनला एक पैसाही सक्तीने घेता येणार नाही. युनियनवाल्यांनी मधली रेषा नीट पाळली नाही असं म्हणायला विरोधकांना जागा मिळाली, आणि करार करायचा खर्चही हातचा गेला. मला ती वेळ आपल्यावर यायला नकोय. कंपनीचा एचआर मॅनेजर हे पत्र वाचून गालातल्या गालात हसणार आहे, याची मला कल्पना आहे. त्याला हसू द्या. आपण हिशेब नीट ठेवला तर तो फार दिवस हसणार नाही.

आणि एक आठवण. 15 फेब्रुवारी 2024 ला सुप्रीम कोर्टाने निवडणूक रोखे रद्द केले. दुसऱ्या दिवशी आपल्या गेटच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं होतं: ‘कंपन्यांचा गुप्त पैसा उघडा पडला, लोकशाहीचा विजय!’ अक्षर सरचिटणीसांचं होतं, मी ओळखतो. मला अभिमान वाटला होता. भागधारकाला न सांगता कंपनीने पक्षाला पैसे देणं वाईट, हे त्या फळ्यावर आपणच लिहिलं ना? मग सभासदाला न सांगता युनियनने दिले तर?

मागण्या सांगतो. वकिली भाषेत लिहीत नाही.

अकरावा ठराव मागे घ्या. वर्गणी दोनशे करायची असेल तर करा, महागाई मलाही कळते, पण ‘राजकीय कार्य’ त्यातून वगळा आणि ठराव जेवणाआधी मांडा, गुप्त मतदानाने.

नोव्हेंबर 2024 मध्ये निवडणुकीवर झालेला खर्च व्हाउचरसकट फळ्यावर लावा. हिशेबाची वह्या-पुस्तकं पाहायचा सभासदाला हक्क आहे, मी काही मेहेरबानी मागत नाही. ती रक्कम सर्वसाधारण निधीत परत भरा. एकदम जमत नसेल तर हप्त्याने.

राजकीय निधी काढा. वेगळं खातं, वेगळं पावतीपुस्तक, वेगळा रंग. पगारातून कापू नका. दारोदार, शॉपशॉपमध्ये जाऊन मागा, ज्याला द्यायचं तो देईल. किती जमतं त्यावरून तुम्हालाही कळेल की ‘सर्व कामगारांचा पाठिंबा’ किती जणांचा आहे.

ज्याने दिलं नाही त्याचं नाव कुठेही लावू नका, आणि त्याची मदत, त्याचं कर्जाचं शिफारसपत्र, त्याचा पुडा अडणार नाही असं लेखी द्या.

आणि पेंट शॉपमधल्या माझ्या मित्राची माफी मागा. जाहीर नको, त्याला ते आवडणार नाही. त्याच्या बेंचपाशी जाऊन चहा घ्या आणि बोला. हे कुठल्या कलमात नाही.

तुम्ही राजकीय निधीचं पुस्तक छापलंत तर पहिली पावती माझ्या नावाने फाडा, 501 रुपयांची. हे टोमणा म्हणून लिहीत नाही. पुढचा वेतन करार होईल तेव्हा विधानसभेत आपल्या बाजूने बोलणारं कुणीतरी हवंय, आणि त्याची किंमत असते, हे मला समजतं. फक्त पावती माझ्या हातात पडली पाहिजे.

विशेष सर्वसाधारण सभा बोलवायला आपल्या घटनेप्रमाणे जेवढ्या सह्या लागतात त्या गोळा करायला सुरुवात केली आहे. आजवर 64 झाल्यात, त्यातल्या 17 जणांनी नाव आत्ताच उघड करू नका म्हणून सांगितलंय. सभेची तारीख एकवीस दिवसांत लावलीत तर सह्यांचं बाड तुमच्याच हातात देईन, युनियनची नोंदणी बघणाऱ्या सरकारी निबंधकांकडे जाणार नाही. मात्र रविवारी सकाळी लावा. पुढचे दोन आठवडे माझी तिसरी पाळी आहे, सकाळी साडेसातला सुटतो, नऊपर्यंत पोचतो.

कळावे,

आपला सभासद
मशीन शॉप